दहावा प्रश्न

"हिरवं म्हणजे हो, लाल म्हणजे नाही," असं म्हणून गेलबाईंनी दोन कार्डं व्हर्लनच्या हातात कोंबली. "आणि भाषण ठोकायचं नाही. 'पण' नाही, 'तसं बघायला गेलं तर' नाही. कार्ड वर, कार्ड खाली, पुढचा प्रश्न. कळलं ना, ब्रदर व्हर्लन?"

व्हर्लन टॅकेटने मान डोलावली; चर्चमुळे गावात सगळे त्याला ब्रदरच म्हणत. गेलबाई वीस वर्षं या शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांच्यापुढे एकसष्ट वर्षांचा माणूसही शर्ट नीट खोचून उभा राही. शाळेच्या जिममध्ये बास्केटबॉलच्या फळीखाली दोन खुर्च्या मांडल्या होत्या, एक त्याची आणि एक ट्रेंट हॅलोवेची. ट्रेंट विमा विकायचा, तेहतीस वर्षांचा, दात एकदम पांढरेशुभ्र. दोघेही एकाच पक्षाचे, दोघेही चर्चला जाणारे. विधानसभेच्या जागेसाठी पक्षांतर्गत मतदान दहा दिवसांवर आलं होतं, आणि जो इथे जिंकेल तो नोव्हेंबरात घरी झोपून राहिला तरी निवडून येणार होता. हार्लो काउंटीत दुसऱ्या पक्षाचं मत शोधायला कंदील घेऊन फिरावं लागे.

दहा प्रश्न होते. नऊ प्रश्नांची व्हर्लनला काडीची चिंता नव्हती. दहावा प्रश्न काय आहे ते त्याला ठाऊक होतं, आणि म्हणूनच दुपारी तीन वाजता, एवढे पंखे चालू असताना, त्याच्या पाठीला घामाची धार लागली होती.

तेवढ्यात मोझेल क्रेन आली. हातात चौकड्यांच्या कागदात गुंडाळलेला डबा, त्याला पिवळी फीत. बायकांनी आणलेले डबे मागच्या लांब टेबलावर ओळीने लागत होते. कार्डं संपली की डब्यांचा लिलाव व्हायचा. ज्याने डबा घेतला त्याने तो बनवणारीच्या शेजारी बसून जेवायचं, ही आजेपणजे इथे वस्तीला आले तेव्हापासूनची रीत. पैसा अग्निशामक दलाला जाई. उमेदवाराने कुणाचा डबा घेतला आणि कुणाजवळ बसून खाल्ला, यावर पुढे आठवडाभर चर्चा चाले. मोझेलचा डबा व्हर्लनच घेणार, हे गावाला महिनाभर आधीच माहीत होतं.

मोझेलने डबा ठेवला आणि सरळ त्याच्याकडे आली. तिने पर्समधून एक लिफाफा काढला. त्यावर राज्याचा शिक्का होता.

"तारीख आली," ती म्हणाली. "बावीस ऑक्टोबर. सकाळी दहा."

व्हर्लनने पत्र वाचलं. दोनदा वाचलं. मोझेलची मुलगी रोंडा एकोणीस वर्षांपूर्वी हायवेवरच्या पेट्रोल पंपाच्या दुकानात गल्ल्यावर उभी असताना मारली गेली, बावीस वर्षांची. ज्याने मारलं तो तेव्हापासून टेकडीवरच्या तुरुंगात होता. त्याच्या मृत्युदंडाची आधी दोनदा तारीख पडली आणि दोनदा पुढे गेली. दोन्ही वेळा मोझेल आठ-आठ दिवस अंथरुणातून उठली नव्हती.

"मला तिथे एकटीला बसवणार नाही," मोझेल म्हणाली. "काचेच्या अलीकडे खुर्च्या असतात म्हणे. तू शेजारी बस. तुला तिथलं सगळं माहितेय, काय कधी होतं ते. तू असलास म्हणजे मला धीर राहील. येशील ना?"

"येईन," व्हर्लन म्हणाला. दुसरं काय म्हणणार होता बिचारा.

ती त्याच्या दंडावर थोपटून पहिल्या रांगेत जाऊन बसली.

आता खरी भानगड काय होती, ती सांगायला हवी. व्हर्लनने टेकडीवर सत्तावीस वर्षं पहारेकऱ्याची नोकरी केली. गावातल्या प्रत्येक तिसऱ्या घरातलं कुणी ना कुणी तिथे कामाला होतं, आणि गावाचा एक अलिखित नियम होता, की टेकडीवरच्या माणसाला कामाचं विचारायचं नाही. हवापाण्याचं विचारा, गुडघ्याचं विचारा, गव्हाचं विचारा. तिथलं नाही. त्यामुळे व्हर्लन अकरा वर्षं 'त्या' पाच जणांच्या तुकडीत होता हे सगळ्यांना माहीत होतं, पण तिथे त्याला काय वाटायचं हे जन्मात कुणी विचारलं नव्हतं. सत्तावीस वर्षं तिथे राहिलेला माणूस मृत्युदंडाच्या बाजूचाच असणार, यात विचारायचंय काय, असं प्रत्येकाने आपापल्या मनाशी धरून टाकलं होतं.

मोझेलनेही तेच धरलं. जुना आमदार म्हातारपणामुळे घरी बसल्यावर व्हर्लनला उभं करायची कल्पना तिचीच. पत्रकही तिनेच चर्चच्या ऑफिसात बसून टाइप केलं. वर व्हर्लनचा फोटो, खाली दहा मुद्दे. कर वाढवणार नाही. बंदुकीला हात लावू देणार नाही. पोटातल्या बाळाचा जीव राखीन. असे नऊ, आणि दहावा: मृत्युदंडाला पूर्ण पाठिंबा, तो बंद करणारं विधेयक हाणून पाडीन. तीन हजार प्रती छापून घेऊन ती त्याच्या दारात आली तेव्हा कुठे त्याने ते वाचलं. दहावा मुद्दा वाचून तो जागीच थिजला. बोलायची वेळ ती होती. पण मोझेलच्या तोंडावर एवढा आनंद होता, एकोणीस वर्षांत न दिसलेला, की त्याने पत्रकांचा गठ्ठा उचलून आत नेऊन ठेवला. मग ती सत्तर वर्षांची बाई भर उन्हात दारोदार फिरून ती पत्रकं वाटत सुटली, आणि हा तिच्या मागे हॅट हातात धरून मूग गिळून फिरत राहिला. दोन महिने. त्या दोन महिन्यांची त्याला स्वतःचीच किळस येत होती.

तसा व्हर्लन मवाळ माणूस मुळीच नव्हता, बरं का. पत्रकातले नऊच्या नऊ मुद्दे त्याच्या मनातलेच होते, उलट मोझेलने ते जरा सौम्य लिहिले अशी त्याची तक्रार होती. त्याच्या कपाटात अकरा बंदुका होत्या. राजधानीतून आलेला कुठलाही कागद तो आधी संशयाने वास घेतल्यासारखा धरी. पण दहाव्या मुद्द्यावर त्याचं मन फिरलं होतं, आणि कुठल्या पुस्तकाने किंवा प्रवचनाने नव्हे.

तुकडीतल्या पाच जणांना एकेक काम वाटून दिलेलं असे. मृत्युदंडाच्या दिवशी कैद्याला बांधताना व्हर्लनकडे डावा पाय. पट्टा ओढायचा, बक्कल लावायचं, मागे सरकायचं. कैद्याशी बोलायचं नाही, असा लेखी नियम. व्हर्लनने नोकरीत एवढा एकच नियम मोडला. बक्कल लावताना खाली वाकून तो हळूच विचारी, "घट्ट तर नाही ना झालं?" का विचारी ते त्यालाही सांगता आलं नसतं. घोड्याचा पट्टा आवळतानाही माणूस बोट घालून बघतोच. सात जणांनी उत्तर दिलं नाही. आठवा म्हातारा होता, पाय सुजलेला. तो म्हणाला, "जरा होतंय, साहेब." व्हर्लनने पट्टा एक भोक सैल केला. म्हातारा म्हणाला, "आता बरंय. आभारी आहे." आणि चौदा मिनिटांनी तो मेला.

त्या म्हाताऱ्याने काय केलं होतं ते व्हर्लनला पाठ होतं, आणि ते भयंकर होतं. पण त्याचा 'आभारी आहे' हा शब्द काही केल्या कानातून जाईना. दुसऱ्या दिवशी त्याने गुडघ्याचं कारण सांगून तुकडीतून नाव काढून घेतलं आणि निवृत्त होईपर्यंत फाटकावर उभा राहिला.

ओलीटाला, त्याच्या बायकोला, यातलं त्याने अवाक्षर सांगितलं नव्हतं. तिला कळायचं ते गाडीवरून. त्या-त्या दिवशी घरी आला की तो अंगणात ट्रक लावून धुवायला घेई, चाकांच्या आतून, टपावरून, दोन-दोन तास. आठ वेळा. पुढे ट्रक कधीच तसा धुतला नाही, तेव्हा ती समजली की संपलं.

आता तीच ओलीटा खुर्च्यांमधून वाट काढत आली आणि त्याची कॉलर नीट करायच्या निमित्ताने जवळ वाकली.

"सांगितलंस तिला?"

"तारीख आलीये तिची. मी बरोबर येतो म्हटलं."

"ते नाही विचारलं मी."

"आज कसं सांगू, ओलीटा? आजच पत्र आलंय तिच्या हातात."

"मग हिरवं धर," ओलीटा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "हिरवं धर, निवडून ये, आणि फेब्रुवारीत ते बंद करायचं विधेयक आलं की तिथे लाल बटण दाब. मी काही म्हणणार नाही. फक्त माझ्या अंगणात परत दोन-दोन तास गाडी धूत बसू नकोस."

ती जाऊन मोझेलच्या शेजारी बसली. मोझेलने तिच्या मांडीवर हात ठेवला. व्हर्लनने ते पाहिलं आणि नजर हातातल्या कार्डांकडे वळवली.

गेलबाईंनी शिट्टी वाजवली, अगदी बास्केटबॉलची मॅच असल्यासारखी, आणि प्रश्न सुरू झाले. बंदूक बाळगायला परवाना असावा का? दोन लाल कार्डं वर, टाळ्या. मिळकतकर कमी करावा का? दोन हिरवी. सामन्याआधी शाळेत प्रार्थना? दोन हिरवी, आणि मागून कुणीतरी आमेन म्हणालं. गर्भपातावरची बंदी कायम ठेवावी का? हिरवी. पवनचक्क्यांना सरकारने सवलत द्यावी का? ट्रेंटने लाल धरलं, आणि व्हर्लननेही. तेव्हा पाच पवनचक्क्यांचं भाडं खाणारा एक शेतकरी खुर्चीत चुळबुळला आणि शेजाऱ्यांनी त्याला कोपराने ढोसलं. लोक हसले. कागदपत्रांशिवाय आलेल्यांना गाडीचं लायसन्स, शाळेच्या ग्रंथालयात पालकांचा अधिकार, रविवारी दारूची दुकानं, राजधानीने गावच्या शाळा एकत्र करणं. कार्डं वर-खाली होत राहिली. दोघांत तसूभर फरक नव्हता. गेलबाई वैतागून म्हणाल्या की दोघांनी एकच खुर्ची घेतली असती तर जागा वाचली असती.

व्हर्लन हसला नाही. त्याचे दोन्ही तळवे ओले झाले होते आणि कार्डांचा रंग बोटांना लागला होता.

"दहावा आणि शेवटचा," गेलबाईंनी चष्मा वर केला. "आपल्या राज्यात मृत्युदंड चालू राहावा का?"

ट्रेंटचं हिरवं कार्ड प्रश्न संपायच्या आधी वर गेलं. व्हर्लनचे दोन्ही हात मांडीवर होते. त्याने पहिल्या रांगेकडे पाहिलं. मोझेल त्याच्याकडे बघून मंद हसत होती, लिफाफा छातीशी धरून. खात्रीने बसली होती ती. एवढ्या खात्रीने त्याच्याकडे आयुष्यात दुसऱ्या कुणी पाहिलं नव्हतं.

त्याने लाल कार्ड वर केलं.

क्षणभर कुणाच्या लक्षातच आलं नाही. मग पंख्यांचा आवाज मोठा वाटायला लागला. गेलबाई पुढे वाकून हलकेच म्हणाल्या, "ब्रदर व्हर्लन, हिरवं म्हणजे हो."

"त्याचं कार्ड चुकलंय," मोझेल मोठ्याने म्हणाली, सगळ्यांकडे वळून, जणू त्याचीच लाज राखत. "उन्हातान्हात फिरून दमलाय तो. व्हर्लन, दुसरं. दुसरं कार्ड."

दार उघडं होतं. तिनेच उघडून दिलं होतं. अरे हो की, असं म्हणून कार्ड बदललं असतं तर लोक हसले असते आणि सगळं जागच्या जागी राहिलं असतं. मागे बसलेल्या दोघा-तिघांनी तर हसायला सुरुवातही केली होती. व्हर्लन उभा राहिला. कार्ड तसंच वर होतं.

"चुकलेलं नाही, मोझेल," तो म्हणाला. "पत्रक चुकलंय. मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं. मी भ्यालो."

गेलबाई नियमाची आठवण करून द्यायला तोंड उघडत होत्या, पण त्यांनी ते मिटलं.

"ज्या सरकारला मी माझी बंदूक देत नाही, शाळा देत नाही, त्याच्या हातात माणसाचा जीव का देऊ? मी तिथे आठ वेळा पाय बांधलेत. आता दुसऱ्याला बांधायला सांगणार नाही." एवढं बोलून तो खाली बसला.

कुणी ओरडलं नाही. कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. टेकडीवर नोकरी केलेले चार-पाच जण जिममध्ये होते, ते आपापल्या बुटांकडे बघत राहिले. ट्रेंटने बाजूला वळून, कुणाला ऐकू जाणार नाही असं विचारलं, "तुम्ही ठीक आहात ना, मिस्टर टॅकेट?" पोरगा वाईट नव्हता.

लिलाव सुरू झाला. लोकांना काहीतरी आवाज हवाच होता, म्हणून बोली जोरात चालली. पिवळ्या फितीचा डबा वर आला तेव्हा परत सगळं शांत झालं. व्हर्लनने हात वर केला. दुसऱ्या कुणीही केला नाही. त्याच्यावर बोली लावायची नाही म्हणून नव्हे, तर पुढे काय होतंय ते प्रत्येकाला बघायचं होतं. एक वार झालं, दोन वार झालं.

मोझेल उठली. टेबलापाशी गेली. तिने आपला डबा उचलला आणि काखेत घेतला. हार्लो काउंटीत आजवर कुठल्याही बाईने मांडलेला डबा परत उचलला नव्हता. जाताना ती व्हर्लनच्या खुर्चीजवळ थांबली.

"माझ्या पोरीला कुणी विचारलं होतं का रे," ती म्हणाली, "घाबरतेयस का म्हणून?"

ती गेली. जिमच्या दारातून बाहेरचं ऊन आत आलं आणि दार बंद झालं.

त्याच संध्याकाळी तिच्या अंगणातून व्हर्लनच्या नावाची प्रचाराची पाटी गेली. आठवड्याभरात गावातल्या बहुतेक पाट्या गेल्या. मतदानात तो सपाटून पडला. ट्रेंटला त्याच्या तिप्पट मतं पडली. चर्चमध्ये लोक त्याच्याशी बोलत, गव्हाचं आणि गुडघ्याचं. मोझेल मात्र दुसऱ्या बाजूच्या बाकावर बसू लागली. त्याने फोन केले, ती उचलत नसे. ऑक्टोबर लागला तेव्हा त्याने तिच्या फोनच्या यंत्रावर निरोप ठेवला, की मी बावीस तारखेला सकाळी सहाला दारात येईन. माझं मत काही असो, येतो म्हणालो होतो. आठपर्यंत थांबेन. नाही आलीस तर परत जाईन.

बावीसला पहाटे तो निघाला तेव्हा ओलीटाने काही विचारलं नाही. तिने कॉफीचा थर्मास दिला. गाडी मागे घेताना व्हर्लनला दिसलं, नळाशी बादली आणि स्पंज काढून ठेवलेला होता. तिनेच ठेवला होता.

मोझेलच्या अंगणात पाटीच्या दोन दांड्यांची भोकं अजून तशीच होती. थंडी होती. सहा वाजले, साडेसहा वाजले. सात वाजले. तिच्या स्वयंपाकघरात दिवा होता, पडद्यामागून ती इकडून तिकडे जाताना दिसे. व्हर्लन दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिला. ती आली नाही तर तिने कुणाबरोबर जायचं, हा विचार त्याला सुचला आणि तो ट्रकमधून उतरून दार वाजवायच्या बेतात होता. पण नाही उतरला. ते तिचं तिने ठरवायचं होतं.

सात चाळीसला दार उघडलं. चर्चचा निळा पोशाख, रोंडाचा फोटो असलेली पर्स. ती सावकाश पायऱ्या उतरली, ट्रकचं दार स्वतः उघडलं आणि चढून बसली.

"मी तुला मत दिलं नाही," ती म्हणाली.

"ठाऊक आहे."

"त्या विमावाल्यालाही दिलं नाही. कागद कोराच टाकला." मग जरा थांबून, "तुझं पटलं म्हणून नाही. मला त्याचं मरणं हवंच आहे, व्हर्लन. मला ते बघायचंय."

"ठाऊक आहे," तो परत म्हणाला. "मी शेजारी आहे."

तिने सीटचा पट्टा ओढला. बक्कल खाचेत जाईना. दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा केला. हात एवढे कापत होते की लोखंड लोखंडावर वाजत होतं. शेवटी तिने हात मांडीवर टाकून दिले आणि खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

व्हर्लन वाकला. पट्टा तिच्या कोटावरून सरळ केला, बक्कल लावलं, आणि सवयीने दोन बोटं पट्ट्याखाली सरकवून पाहिली. आपण काय विचारतो आहोत ते त्याला विचारून झाल्यावर कळलं.

"घट्ट तर नाही ना झालं?"

"नाही," मोझेल बाहेर बघत म्हणाली. "बरंय. आभारी आहे."

त्याला बोटं काढून घ्यायला थोडा वेळ लागला. मग त्याने गाडी सुरू केली आणि टेकडीच्या रस्त्याला लावली.